चावी कोणाकडे?

1982 साली ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात पिंपे बनवणारा एक बंद पडलेला कारखाना लोकांसाठी खुला झाला. विटांच्या भिंती, काँक्रीटचे सडपातळ खांब, वरून उजेड घेणारी छपरे हे सारे राखून आत वाचनालय, नाट्यगृह, मातीकाम आणि विणकामाच्या कार्यशाळा, उपाहारगृह आणि कोणीही येऊन नुसते बसावे असे एक मोठे दालन केले होते. लीना बो बार्दी या वास्तुरचनाकार बाईंचे हे काम. त्याच वर्षी, 18 जानेवारीला, मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुढच्या दोन दशकांत ताडदेवपासून लालबाग-परळपर्यंतचे भोंगे एकेक करून थांबले आणि पन्नासहून अधिक गिरण्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न शहराच्या ऐन मध्यावर येऊन उभा राहिला.

जुन्या जागेचे काय करावे, हे कोडे मुंबईला नवे नव्हते. सव्वाशे वर्षांत या शहराने त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आणि प्रत्येक उत्तरामागे आपण शहर कशाला म्हणतो याची एक समजूत होती. ती समजूत कशी बदलत गेली, आणि चांगले उत्तर हाताशी असूनही कसे निसटले, हे पाहिल्याशिवाय गिरणगावाची गोष्ट पुरती कळत नाही असे मला वाटते.

सुरुवात 1896 च्या प्लेगपासून करावी लागते. मांडवीत साथ दिसली आणि बघता बघता निम्मे शहर गावाकडे पळाले. दाटीत रोग वाढतो, म्हणून दाटी पाडा आणि हवा आत येऊ द्या, अशी तेव्हाच्या राज्यकर्त्यांची धारणा झाली. त्यातून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. नागपाड्यासारख्या वस्त्यांवर त्याने हात घातला, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढले. रस्ते झाले, पण पाडलेल्या घरांतले लोक हवेत विरले नव्हते. काम जिथे होते तिथेच राहणे त्यांना भाग होते, म्हणून ते शेजारच्या गल्लीत जाऊन कोंबले गेले आणि तिथली दाटी वाढली. पुढे ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब वर्षानुवर्षे राहिले. पण जुनी जागा म्हणजे रोग आणि तो मुळासकट काढायचा, हा विचार कायम राहिला. आजही 'झोपडपट्टीमुक्त', 'मोडकळीस आलेली' असे शब्द सरकारी कागदावर उतरतात तेव्हा त्यांच्या तळाशी मला 1898 दिसते.

याला पहिले खणखणीत उत्तर दिले ते पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानाने. मूळचा जीवशास्त्राचा माणूस. 1914 साली तो हिंदुस्थानात आला आणि 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. शहरे सुधारायला तो गल्लीत पायी हिंडायचा. कोणत्या घरात कोण राहते, विहीर कुठे आहे, बायका कुठे बसतात, पार कुठे आहे हे पाहायचा. मग पडके एखादे घर काढून तिथे छोटा चौक, एखादे झाड, एवढेच सुचवायचा. सरळ रस्ता काढण्यासाठी शंभर घरे पाडायला त्याचा सक्त विरोध होता. तेवढ्या पैशात अख्खी वस्ती राहती ठेवून सुधारता येते, हे तो हिशेब मांडून दाखवायचा. होळकरांच्या इंदुरात त्याने दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न नेता ज्या रस्त्यांवर लोकांनी सर्वांत चांगली सफाई केली त्या रस्त्यांवरून नेली, अशी गोष्ट त्याच्या चरित्रांत सांगितली आहे. मला ही गोष्ट फार आवडते. जागा सुधारायची तर तिथे राहणाऱ्यांच्या हातांनी, त्यांच्या सणावारांच्या चालीने, हा तिचा गाभा आहे. गेडीस मुंबईत शिकवत होता, आणि त्याच वर्षांत सरकार वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोडला बी.डी.डी. चाळी उठवत होते. त्याचे म्हणणे ग्रंथालयात राहिले.

त्यानंतर पन्नास-साठ वर्षे या विषयात मुंबईत फारसे नवे घडले नाही. गिरण्या चालू होत्या. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली, तिथपासून गिरणगाव हे गाव म्हणून वाढले होते. आणि हे गाव म्हणजे नुसत्या गिरण्या नव्हत्या. पाळीवरून आलेला माणूस ज्या खोलीत झोपायचा ती गावकीची खोली होती, कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकाच गावच्या वीस-पंचवीस जणांची. तो जेवायचा खानावळीत, आणि खानावळ चालवायची कोणा कामगाराचीच बायको किंवा विधवा. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. सावकाराच्या तावडीतून त्या सुटल्या. व्यायामशाळा, भजनी मंडळे, नमन-दशावतार, कलापथके, कामगारांची नाटके हे सारे याच गल्ल्यांतले. गिरणी बंद पडली तेव्हा पगाराबरोबर या सगळ्याच्या खालची जमीन सरकली. जमिनीच्या वाटपाची सगळी चर्चा मात्र एकर आणि चटई क्षेत्र यांतच झाली.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकायची किंवा नव्याने बांधायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मालकाने आपल्या वाट्याच्या पैशातून गिरणी सावरावी, कामगारांची देणी भागवावी, अशी अपेक्षा होती. कागदावर हा नियम उदार होता आणि तो करणाऱ्यांच्या मनात शहराचे भले होते, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातही एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे शेड पाडली जाणार. जमीन कशी वाटायची याची सूत्रे होती, आणि वर उभ्या असलेल्या इमारतींचा, त्यांत काय होऊ शकेल याचा विचार कोणीच केला नव्हता.

त्या इमारती कशा होत्या, हे आता नव्या पिढीला सांगावे लागते. साचेखात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असायचे. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. त्यामुळे ऊन आत यायचे नाही, पण दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड मिळायचा, कारण तुटलेला धागा डोळ्यांना दिसला पाहिजे. खाली बिडाच्या खांबांच्या रांगा आणि मध्ये भिंत नाही. अशा जागेत काहीही करता येते. चित्रकाराला, सुताराला, शिवणकाम करणाऱ्याला, नाटकाची तालीम करणाऱ्याला याहून चांगली जागा सापडणार नाही. कामासाठी इतक्या काळजीने बांधलेल्या इमारती मुंबईत पुन्हा झाल्या नाहीत, असे मी म्हणेन.

1996 मध्ये राज्य सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोरियांनी मुख्यतः राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या 25 गिरण्या पाहिल्या आणि एक साधी पण मोठी गोष्ट सांगितली: प्रत्येक गिरणीचे स्वतंत्र तीन तुकडे केले तर शहराच्या हाती चिंध्या लागतील, सगळ्या जमिनी एकत्र धरून आखणी केली तर सलग मैदान, सरळ रस्ता आणि स्थानकांपाशी लोकांना मोकळेपणी चालता येईल असे चौक मिळतील. काही जुन्या इमारतीही त्यात राखता आल्या असत्या. गेडीसनंतर सत्तर वर्षांनी कोणीतरी परळकडे राहत्या शहराचा भाग म्हणून पाहिले होते. अहवाल बासनात गेला. 29 सप्टेंबर 2017 च्या पावसाळी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या होत्या, रोज लाखो माणसे तिथे उतरत होती आणि जिने गिरण्यांच्या काळातलेच राहिले होते. तो अहवाल मानला असता तर ती माणसे वाचली असती, असे छातीठोक म्हणता येणार नाही. पण त्या स्थानकाभोवती मोकळी जागा हवी हे एकवीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते, आणि ते आठवले की मला अजून संताप येतो.

2001 मध्ये नियम 58 बदलला. वाटणी आता गिरणीच्या सगळ्या जमिनीची होणार नव्हती, तर आधीपासून रिकाम्या असलेल्या भागाचीच होणार होती. शेड पाडून जी जागा निघेल ती मालकाची. गिरणीच्या आवारात शेडच शेड असल्यामुळे शहराच्या वाट्याला येणारे क्षेत्र एकदम आक्रसले. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप उच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान 2005 मध्ये महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले. एकट्या मुंबई टेक्सटाईल मिलचे 702 कोटी आले. त्या आकड्याने सगळ्या चर्चेचा सूर बदलला. गिरणगावाचा एकेक चौरस फूट एवढ्या मोलाचा आहे म्हटल्यावर तिथे वाचनालय काढा, तालमीची जागा ठेवा असे म्हणणारा माणूस खुळा ठरू लागला.

तरी कामगार गप्प बसले नाहीत. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांना धरून ठेवले, मोर्चे काढले, घरांचा हक्क लावून धरला. 2012 मध्ये म्हाडाने गिरण्यांच्या जमिनीवरच्या 6,925 घरांची सोडत काढली. घर 225 चौरस फुटांचे. अर्ज केलेल्या कामगार-वारसांची संख्या मात्र लाखाच्या घरात. पुढे उरलेल्यांना शेलू-वांगणीकडे घरे देण्याची योजना पुढे आली, तेव्हा आम्हाला मुंबईतच घर हवे म्हणून म्हातारी माणसे पुन्हा रस्त्यावर उतरली. त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. ज्यांच्या कष्टाने ती जमीन मोलाची झाली त्यांना तिच्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर पाठवणे म्हणजे ट्रस्टने नागपाड्यात केले तेच पुन्हा करणे.

या वीस वर्षांत शेडचा पुनर्वापर झालाच नाही, असे मात्र नाही. रघुवंशी, मथुरादास, कमला मिलच्या आवारांत गाळे भाड्याने गेले. छायाचित्रकार, जाहिरातवाले, फर्निचर करणारे, छोटे छापखाने तिथे आले. भाडे कमी आणि जागा प्रशस्त. अमेरिकेत जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये हेच मांडले होते: नव्या इमारतीचे भाडे नवख्या उद्योगाला परवडत नाही, म्हणून शहराला जुन्या, स्वस्त इमारती लागतात. त्या काळात हा विचार क्रांतिकारक होता, कारण जुन्या इमारतींची बाजू तोवर सौंदर्य आणि इतिहास यांच्याच नावाने घेतली जात असे. जेकब्स बाईंनी ती पोटापाण्याच्या नावाने घेतली. पुढे शॅरन झुकिन यांनी न्यूयॉर्कच्या सोहो भागाचा अभ्यास करून 1982 मध्येच, म्हणजे आपल्या संपाच्याच वर्षी, या विचाराची दुसरी बाजू दाखवली. स्वस्त म्हणून कलावंत कारखान्यांच्या माळ्यांवर राहायला आले, त्यांच्यामुळे त्या जागेला नाव आले, नाव आले म्हणून भाव आला आणि भावाने आधी उरलेसुरले कारखाने आणि मग कलावंत यांना बाहेर काढले. लोअर परळमध्ये हे सारे आपल्या डोळ्यांदेखत झाले. छापखाने गेले, उपाहारगृहे आली. 2017 च्या डिसेंबरअखेरीस कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 जण मेले. फिनिक्स मिलचे धुराडे अजून उभे आहे, खाली मॉल आहे. धुराडे राखले याचा मला आनंद आहे. पण ज्या तिसऱ्या पाळीच्या माणसाला ते धुराडे घड्याळासारखे होते, त्याच्या नातीला तिथे पैसे न खर्चता दुपार घालवता येईल असा एक बाक तरी आहे का, हे मी शोधत असतो.

म्हणून मी पुन्हा लीना बो बार्दी यांच्याकडे वळतो. त्या कारखान्यात त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांना इमारत आवडली. दुसऱ्यांदा सुट्टीच्या दिवशी गेल्या तर आत मुले चेंडू खेळत होती, बाया-बापे, म्हातारी माणसे, रांधणे-जेवणे चालले होते, गळक्या छपराखाली कठपुतळ्यांचा खेळ रंगला होता. लोकांनी पडीक कारखाना आधीच आपला करून घेतला होता. हे असेच चालू राहिले पाहिजे, एवढे त्यांनी ठरवले, आपली कचेरी त्या कारखान्यातच थाटली आणि कामगारांसोबत काम करत इमारत सावरली. गेडीस गल्लीत हिंडून जे पाहत असे तेच त्यांनी पाहिले.

पण या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वास्तुकलेचा नाही. ती जागा चालवते सेस्क नावाची संस्था. 1946 मध्ये ती व्यापार-सेवा क्षेत्रातल्या नोकरदारांसाठी निघाली आणि तिचा पैसा मालकांनी पगारखर्चावर भरायच्या सक्तीच्या दीड टक्का वर्गणीतून येतो. म्हणजे तिथले नाट्यगृह तिकिटांवर तगून नाही आणि वाचनालयाला भाडे भरायचे नाही. जागेचा भाव कितीही चढो, पुढच्या वर्षी ती कोणाला द्यायची हा प्रश्न उठत नाही. झुकिन यांनी दाखवलेले चक्र तिथे थांबते, कारण दाराची चावी भाडेबाजाराच्या हातात नाही.

आणि ही व्यवस्था आपल्याला परकी मुळीच नव्हती. 1953 साली मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला. कामगार आणि मालक दोघांनी दर सहामाहीला वर्गणी भरायची, सरकारनेही आपला भाग टाकायचा आणि त्यातून कामगारांसाठी केंद्रे, वाचनालये, शिवणवर्ग, खेळ, नाट्यस्पर्धा चालवायच्या. कामगार कल्याण मंडळाची ललित कला भवने महाराष्ट्रभर आहेत. कामगार नाट्यस्पर्धेतून किती नट-लेखक पुढे आले, हे मराठी रंगभूमीला माहीत आहे. मंडळाचे मुख्य कार्यालय एल्फिन्स्टनला, गिरण्यांच्या गराड्यात, हुतात्मा बाबू गेनूच्या नावाच्या क्रीडा भवनात. बाबू गेनू स्वतः गिरणी कामगार. निधी होता, संस्था होती, नाटकवाले होते, आणि चालत जाण्याच्या अंतरावर उत्तरेचा उजेड घेणारी लाखो चौरस फुटांची छपरे रिकामी पडली होती. 58 व्या नियमात एक कलम घालून प्रत्येक गिरणीतली एक शेड मंडळाकडे द्यावी, हे सुचायला साओ पावलोला जाण्याची गरज नव्हती.

ते का सुचले नाही, याचे मला पटणारे उत्तर असे की मुंबईत जुन्या जागेचा विचार करणारे दोन गट होते आणि ते एकमेकांशी फारसे बोलले नाहीत. एक गट वारशाचा. 1995 मध्ये मुंबईत वारसा इमारतींचे नियम झाले, देशात असे पहिल्यांदाच. त्या गटाने भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय फार देखणे सावरले, पण त्याची नजर बहुधा दगडी कमानींवर राहिली. पत्र्याची शेड त्याला वारसा वाटायला उशीर झाला. दुसरा गट कामगार चळवळीचा. त्याचा लढा देण्यांसाठी आणि घरांसाठी होता आणि तो तसाच असणे योग्य होते. उपाशी माणसापुढे नाट्यगृहाची गोष्ट कशी काढणार? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी गोळा करून पुस्तक केले, तेव्हा या दोन बाजू एका ठिकाणी आल्या. पण तोवर 2001 चा बदल होऊन गेला होता. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागी वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना आहे. ते व्हावे. पण संग्रहालयात साचा पाहायला मिळेल. विणायला शिकवणारी जागा ही वेगळी गोष्ट.

उरलेसुरलेही हलते आहे. परळचे दामोदर नाट्यगृह, जिथे कामगारांची नाटके आणि कोकणातली नमने शंभर वर्षे रंगली, ते नोव्हेंबर 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले. नवे बांधताना तेवढ्याच आसनांचे, तेवढ्याच भाड्याचे नाट्यगृह मिळावे म्हणून कलावंतांना आंदोलन करावे लागले. आसनांच्या बरोबरीने भाड्याचा आग्रह धरणारी ती माणसे मला या विषयातल्या पुष्कळ तज्ज्ञांपेक्षा शहाणी वाटतात.

आता पाळी पूर्व किनाऱ्याची आहे. मुंबई बंदराच्या जमिनीचे काय करावे यासाठी 2014 मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली, त्यानंतर आराखडे होत आहेत. माझगाव, दारूखाना, शिवडी, कॉटन ग्रीन. कापसाच्या गासड्या ठेवायची ती गोदामे गिरण्यांचीच सख्खी भावंडे आहेत. तिथे पन्नास-पन्नास वर्षे जहाजे तोडणारे, लोखंड-लाकडाचे व्यापारी, हमाल, त्यांना जेवण पुरवणारे राहत आले आहेत. आराखड्यात उद्याने, समुद्रकाठचा रस्ता, पर्यटन असे शब्द येतील आणि काही गोदामे 'वारसा' म्हणून राखलीही जातील. मला त्यात तीन ओळी हव्या आहेत. आज त्या गोदामांत आणि गल्ल्यांत कोण काय काम करते याची घरोघर जाऊन केलेली नोंद आधी व्हावी आणि आराखडा नंतर. राखलेल्या गोदामांपैकी ठरावीक हिस्सा कामगार कल्याण मंडळासारख्या, स्वतःची वर्गणी असलेल्या सार्वजनिक संस्थेकडे नाममात्र भाड्याने जावा, त्यात तालमी व्हाव्यात, हातकामाचे वर्ग व्हावेत, वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे राहावे. आणि तो करार साठ वर्षांपेक्षा कमी मुदतीचा नसावा.